वजन ग्रंथीचं, हाल मूत्राशयाचे

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या साठीपुढच्या मंडळींत सोनोग्राफीच्या रिपोर्टचा विषय हमखास निघतो. एकाचं प्रोस्टेट ४५ ग्रॅम आलेलं असतं, दुसऱ्याचं २८, आणि तिसऱ्याच्या मेव्हण्याचं म्हणे ९० होतं. ४५ वाला धास्तावलेला, २८ वाला निर्धास्त. डॉक्टर मात्र त्याच कागदावर आधी वेगळीच ओळ शोधतात: लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती मिलिलिटर शिल्लक राहिली. ४५ वाल्याची शिल्लक १५ मिलि असेल आणि २८ वाल्याची २२०, तर काळजी करायची ती २८ वाल्याने. प्रोस्टेटच्या वजनाने माणूस आजारी पडत नाही. त्या वजनापायी मूत्राशयाला जे सोसावं लागतं, त्याने पडतो. हे एकदा ध्यानात आलं की तपासण्या, गोळ्या, ऑपरेशन या सगळ्याचा अर्थ लागायला लागतो.

प्रोस्टेट, म्हणजे पौरुष ग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी ओटीपोटाच्या अगदी तळाला असते. पुढे जांघेच्या मधलं हाड, मागे गुदाशय. तरुणपणी वजन २० ग्रॅमच्या आसपास, रुंदी जेमतेम ४ सेंटिमीटर. मूत्रमार्ग तिच्या पोटातून आरपार जातो आणि पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ या रचनेत आहे. तिचं नेमून दिलेलं काम वीर्यातल्या द्रवाचा काही भाग तयार करण्याचं. पीएसए नावाचं जे प्रथिन आपण रक्तात मोजतो, तेही मुळात वीर्य पातळ ठेवण्यासाठीच तिथे बनतं. पन्नाशीनंतर मूत्रमार्गाला लागून असलेला ग्रंथीचा आतला भाग वाढू लागतो. टेस्टोस्टेरॉनपासून ग्रंथीतच बनणारं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या वाढीला खतपाणी घालतं. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे दहापैकी आठ-नऊ जणांत ही साधी वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्रास त्यातल्या सगळ्यांना होत नाही.

कॅन्सर मात्र दहापैकी सात वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो. म्हणून साधी वाढ धार अडवते आणि सुरुवातीचा कॅन्सर बहुधा काहीच जाणवू देत नाही. लघवीचा त्रास आहे म्हणजे कॅन्सर असेल, आणि धार चांगली आहे म्हणजे कॅन्सर नसेल, हे दोन्ही हिशेब चुकतात ते यामुळे.

आता मूत्राशयाकडे येऊ. ती नुसती पिशवी नाही, ती स्नायूंची पिशवी आहे. तोंडाशी अडथळा आला की ती जास्त जोर लावून लघवी बाहेर काढते. तालमीत जोर-बैठका काढून पोराचे दंड-मांड्या भराव्यात तशी तिची भिंत जाड होते. काही वर्षं यावर भागतं. पण जाड झालेला स्नायू तापट होतो, थोड्या लघवीनेही आकसायला लागतो. मग लागली की धावावं लागतं, कधी दारापर्यंत पोहोचायच्या आत कपडे ओले होतात. भिंतीत जागोजागी खोलगट खिसे पडतात. पुढे स्नायू थकतो. लघवी शिल्लक राहू लागते, त्या साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे बनतात. शेवटच्या टप्प्यात दाब मागे मूत्रपिंडांवर जातो, ती फुगतात आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, चढतं.

या शेवटच्या टप्प्यात दुखत नाही, आणि सगळ्यात घातक गोष्ट तीच आहे. घरातले आजोबा रात्री अंथरुणात लघवी करायला लागले, पायांवर सूज आली, जेवण तुटलं, आणि विचारलं तर म्हणतात, "लघवी तर सारखी होते की मला." भरून ओसंडणाऱ्या मूत्राशयातून थेंब थेंब गळत असतं, ते त्यांना होत असल्यासारखं वाटतं. ओटीपोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत घट्ट गोळा लागतो. वय झालं म्हणून चादरीखाली प्लॅस्टिक घालून सोडून देऊ नका. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन करा.

बहुतेकांना आपला त्रास कळतच नाही, कारण तो पाच-सहा वर्षांत इंच इंच वाढतो आणि माणूस त्याभोवती आपलं जगणं बेताने वळवून घेतो. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उभं राहायचं टाळलं जातं. पुण्याच्या एसटीत कडेची सीट मागितली जाते आणि निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडलं जातं. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्याबरोबर संडास कुठे आहे ते आधी बघून ठेवलं जातं. यातलं पाणी तोडणं तर अंगलटच येतं: लघवी घट्ट होते, तापट मूत्राशयाला ती जास्त टोचते, खडा धरायला मदत होते आणि बद्धकोष्ठ होतं. भरलेलं मलाशय मूत्राशयाला आणखी अडचण करतं. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी प्यावंच, उन्हाळ्यात आणि शेतात राबणाऱ्याने जास्त. हात आखडायचा तो संध्याकाळनंतर.

रात्रीच्या उठण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण डॉक्टरकडे आणणारी सगळ्यात मोठी तक्रार तीच असते आणि सगळ्यात जास्त गफलतही तिथेच होते. रात्री चार वेळा उठावं लागतं म्हणजे प्रोस्टेटच असं धरून गोळी सुरू होते. महिना जातो, फरक पडत नाही. हे टाळायला स्वयंपाकघरातला मापाचा एक जुना मग पुरे. तीन दिवस, तीन रात्री, प्रत्येक वेळी लघवी मगात करून वेळ आणि माप वहीत लिहायचं. प्यायलेलं पाणी, चहा, ताक, दूध हेही लिहायचं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या हिशेबात धरायची, कारण ती रात्रभरात बनलेली असते.

मग आकडे स्वतः बोलतात. निरोगी मूत्राशयात ३०० ते ५०० मिलि मावते. रात्री दर वेळी ६०-८० मिलिच होत असेल तर मूत्राशय तापट आहे किंवा रिकामं होत नाही, संशय प्रोस्टेटवर. पण दर वेळी ३००-३५० होत असेल, आणि रात्रीची बेरीज चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल, तर मूत्राशय आपलं काम चोख करतं आहे, रात्री लघवीच जास्त तयार होते आहे. त्याची कारणं दुसरीकडे: दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, साखर वाढलेली असते, घोरताना श्वास अडकत असतो, रक्तदाबाची लघवी करवणारी गोळी संध्याकाळी घेतली जाते, किंवा रात्रीचं जेवण खारट असतं. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. जेवण झाल्यावर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचं ताजं, फेसाळ दूध ग्लासभर प्यायचं आणि मग झोपायचं. दूध चांगलंच आहे, ते संध्याकाळी सहाला प्या. पायांवर सूज असेल तर दुपारनंतर तास-दोन तास पाय उशीवर उंच ठेवून पडा, म्हणजे ते पाणी झोपेआधी निघून जाईल. लघवीच्या गोळीची वेळ आपल्या मनाने बदलू नका, पण विचारा जरूर.

ही वही घेऊन गेलात तर डॉक्टरांचं निम्मं काम झालेलं असतं. ते सात प्रश्न विचारतील: लघवी पूर्ण झाल्यासारखं वाटतं का, दोन तासांच्या आत परत लागते का, धार तुटते का, आवरता येते का, धार बारीक आहे का, सुरुवातीला कुंथावं लागतं का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. आठवा प्रश्न वेगळा: उरलेलं आयुष्य असंच काढायचं ठरलं तर कसं वाटेल? मला हा आठवा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बेरीज १६ असूनही ज्याला काही वाटत नाही आणि ज्याची शिल्लक, मूत्रपिंडं ठीक आहेत, त्याला काहीही न करता वर्षा-सहा महिन्यांनी तपासत राहता येतं. बेरीज ११ असून ज्याची झोप उडाली आहे, त्याला उपचार हवा.

त्यानंतरची बोटाने करायची तपासणी माणसं टाळतात, "नको डॉक्टर, सोनोग्राफी केलीय की," म्हणतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे, तोंडाने सावकाश श्वास सोडायचा. डॉक्टर वंगण लावून हातमोज्यातलं बोट गुदद्वारातून आत घालतात आणि ग्रंथीची मागची बाजू चाचपतात. साधी वाढ गुळगुळीत आणि लवचीक लागते, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसासारखी. बोटाच्या पेरासारखी टणक गाठ लागली, किंवा एक बाजू कडक आणि दुसरी मऊ, तर पीएसए कमी असला तरी पुढचा शोध घ्यावा लागतो. सोनोग्राफी या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

सोनोग्राफीतली नेहमीची चूक सांगायलाच हवी. "पोट फुल्ल करून या" म्हटल्यावर माणूस दोन बाटल्या पाणी पितो, नंबर लागायला दीड तास जातो, मूत्राशय ६००-७०० मिलिने तट्ट फुगतं. असं ताणलेलं मूत्राशय नीट आकसू शकत नाही. मग बाहेर रांग, आत ओला संडास, कुणीतरी दार वाजवतंय. माणूस कसंबसं उरकून येतो आणि रिपोर्टवर शिल्लक १८० लिहून येते. ती खरी नसते. लघवी सहज लागल्यावर, साधारण ३००-४०० मिलि असताना, निवांत करून लगेच मोजलेली शिल्लक खरी. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा जाऊन या आणि परत मोजा म्हणा. संकोचाचं काही नाही. सततची १०० मिलिच्या वरची शिल्लक लक्ष ठेवण्यासारखी, आणि ३०० च्या वर असेल तर मूत्रपिंडांची तपासणी आलीच.

ग्रंथी किती मोठी यापेक्षा ती कुठल्या दिशेला वाढली हेही बघायला हवं. दोन्ही कुशींना पसरलेली ६० ग्रॅमची ग्रंथी वाट सोडून देते. मधला भाग उंचावून मूत्राशयाच्या तोंडात घुसलेली ३० ग्रॅमची ग्रंथी झडपेसारखी वाट बंद करते. हे घुसणं मिलिमीटरमध्ये मोजतात. १० मिलिमीटरच्या वर असेल तर गोळ्यांवर फार काळ निभावत नाही. रिपोर्टवर नुसती 'ग्रेड २' लिहिलेली असते तेव्हा हे काहीच कळत नाही. म्हणून ग्रेडवर घाबरूही नये आणि समाधानही मानू नये.

धारेचा वेग मोजायचं यंत्र असतं, त्यात नरसाळ्यात लघवी करायची. सेकंदाला १५ मिलिच्या वर वेग चांगला, १० च्या खाली अडथळ्याचा संशय. निदान १५० मिलि लघवी झाली नाही तर तो आलेख ग्राह्य धरू नये. आणखी एक अडचण अशी की धार मंद असण्याचं कारण नेहमी अडथळाच असतं असं नाही. वीस वर्षांचा मधुमेह असेल तर मूत्राशयाच्या नसाच बधिर झालेल्या असू शकतात. अशा माणसाचं प्रोस्टेट कितीही सफाईने काढलं तरी धार सुधारत नाही. मधुमेह, जुना पक्षाघात, पार्किन्सन किंवा मणक्याचं दुखणं असेल तर ऑपरेशनआधी मूत्राशयातला दाब मोजणारी तपासणी करून घ्यावी. खर्च वाढतो, पण फुकटचं ऑपरेशन वाचतं.

गोळ्या दोन जातींच्या. पहिली जात ग्रंथीतले आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते: टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, अल्फुझोसिन १०, सिलोडोसिन ८. काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत धार सुधारते. ग्रंथी मात्र तसूभर लहान होत नाही. जेवणानंतर घ्यायची, आणि पहिल्या दिवसांत रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, कारण रक्तदाब उतरून भोवळ येते. संडासाच्या वाटेत पडून खुब्याचं हाड मोडणं हा या गोळ्यांचा खरा धोका आहे. सिलोडोसिनने, आणि थोड्या प्रमाणात टॅमसुलोसिनने, वीर्य बाहेर येईनासं होतं. अपाय काही नाही, पण आधी माहीत नसेल तर माणूस हादरतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी सांगाच. बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडून ऑपरेशनच्या वेळी आत-बाहेर होतो आणि त्यांना वेगळी तयारी ठेवावी लागते. गोळी आदल्या आठवड्यात बंद केली तरी हा धोका जात नाही.

दुसरी जात, फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम किंवा ड्युटास्टेराइड ०.५, ग्रंथी खरोखर आकसवते. सहा महिने ते वर्षभरात साधारण चौथा-पाचवा हिस्सा कमी होतो, आणि फायदाही ३०-४० ग्रॅमच्या वरच्या ग्रंथीलाच. महिनाभर घेऊन "गुण नाही" म्हणून सोडणाऱ्याने पैसे वाया घालवलेले असतात. काहींची कामेच्छा कमी होते, छाती दुखरी होते. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेल्या गोळ्या-कॅप्सूल तिने हाताळू नयेत, मुलग्याच्या गर्भाला अपाय होऊ शकतो. आणि ही गोळी सहा महिन्यांत पीएसए निम्म्यावर आणते. रिपोर्टवरचा ३ म्हणजे प्रत्यक्षात ६ समजायचा. नव्या डॉक्टरांना ही गोळी सांगितली नाही तर वाढलेला पीएसए साधा दिसतो आणि कॅन्सर निसटतो.

काही औषधं याच्या उलट काम करतात. पावसाळ्यात सर्दी झाली की मेडिकलमधून आणलेल्या गोळीत फिनायलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन असतं. एक मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसरं त्याचा जोर काढून घेतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी एका रात्रीत तुंबायला ही एक गोळी पुरते. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिनही त्याच यादीत. दारू, फार वेळ दाबून धरलेली लघवी, लांबचा प्रवास, हर्नियाचं ऑपरेशन, चार दिवसांचं बद्धकोष्ठ हे बाकीचे निमित्तधारी.

लघवी तुंबणं म्हणजे काय यातना असतात हे ज्याने सोसलं त्यालाच ठाऊक. तास-दोन तास वाट बघण्यात, पोटावर शेक देण्यात, जास्त पाणी पिऊन "जोर आणण्यात" वेळ घालवू नका. पाण्याने मूत्राशय आणखी ताणलं जातं. चंदगडसारखा तालुका कोल्हापूरपासून शंभर किलोमीटरहून लांब आहे. तिथल्या माणसाने कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठेपर्यंत कळ काढण्यापेक्षा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नळी घालून घ्यावी आणि मग पुढे यावं. नळी घालणं अवघड नाही, पण घाई चालत नाही. भुलीची जेली मूत्रमार्गात सोडून निदान तीन ते पाच मिनिटं थांबायचं, १४ किंवा १६ नंबरची नळी हलक्या हाताने, फाट्यापर्यंत पूर्ण आत सरकवायची, लघवी आलेली दिसली की मगच फुगा १० मिलि निर्जंतुक पाण्याने फुगवायचा. लघवी न दिसताच फुगवला तर तो मूत्रमार्गातच फुगतो, मार्ग फाटतो, आणि पुढे जन्मभर आकसलेल्या मार्गाचं दुखणं मागे लागतं. नळी अडली तर जोर करायचा नाही. ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालता येते.

एक लिटरच्या आत लघवी निघाली तर बहुधा मामला ताजा. दीड-दोन लिटर निघाली तर मूत्राशय कित्येक महिने भरलेलं होतं असं समजावं. अशा माणसाला त्या दिवशी घरी पाठवू नये. तुंबारा सुटल्यावर मूत्रपिंडं तासाला २०० मिलिपेक्षाही जास्त लघवी सोडू लागतात, अंगातलं मीठ-पाणी उतरतं आणि रक्तदाब कोसळतो. ताज्या प्रकारात टॅमसुलोसिन सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून बघतात. बऱ्याच जणांना पुन्हा स्वतःहून होते. नळीसह घरी यावं लागलं तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता ठेवायची, तोंडाशी रोज साबण-पाण्याने धुवायचं, नळी मांडीला चिकटपट्टीने बांधायची. लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांत बदलायची, सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. "पुढच्या वेळी बघू" करत सहा महिने तीच नळी ठेवली की फुग्यावर खडा धरतो आणि ती निघता निघत नाही.

ऑपरेशन कधी? लघवी पुन्हा पुन्हा तुंबली, मूत्रपिंडं फुगली, मूत्राशयात खडा झाला, वारंवार जंतुसंसर्ग किंवा रक्त जाऊ लागलं, किंवा गोळ्या घेऊनही जगणं हैराण झालं तर. वयाची अट नाही आणि ग्रॅमची तर नाहीच. दुर्बिणीतून ग्रंथीचा आतला भाग विजेच्या तारेने खरवडून काढणं ही जुनी, भरवशाची पद्धत. साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथींसाठी. पूर्वी यात ग्लायसिनचं पाणी वापरत. तासाभराहून जास्त वेळ लागला तर ते रक्तात शोषलं जाऊन सोडियम घसरायचं, माणूस बरळायला लागायचा. आता बऱ्याच ठिकाणी सलाइनवर चालणारं बायपोलर यंत्र असतं, हा धोका त्यात जवळपास संपतो. त्याहून मोठ्या ग्रंथींसाठी होल्मियम लेसरने आतला भाग सोलून काढतात. हात बसायला वेळ लागणारी कला आहे, म्हणून यंत्र कुठलं याआधी ते करणाऱ्याने किती केलीत हे विचारावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, त्या रुग्णालयात बसतं का, याची चौकशी भरती होण्याआधी आरोग्यमित्राकडे करावी, नंतर नाही. हृदयात स्टेंट असेल तर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. हृदयाच्या आणि लघवीच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. लघवीचं कल्चर आधी झालेलं असावं, जंतू असतील तर ते मारूनच ऑपरेशनला हात घालायचा.

ऑपरेशनच्या रात्री खाटेशेजारी बसणाऱ्या नातेवाइकाला एक काम असतं, ते नीट समजून घ्यावं. तीन तोंडांच्या नळीतून सलाइन आत जात असतं आणि पिशवीत गुलाबी पाणी येत असतं. वरून सलाइन चालू आहे पण खालच्या पिशवीत काही येत नाही आणि रुग्णाचं पोट तटतटलं आहे, असं दिसलं तर नळीत रक्ताची गाठ अडकली आहे. वरचं सलाइन बंद करायला सांगून सिस्टरना ताबडतोब उठवा. "सकाळी राउंडला सांगू" म्हणू नका.

घरी गेल्यावर जळजळ आणि घाई काही आठवडे राहते. मूत्राशयाला आपली सवय मोडायला वेळ लागतो. दहाव्या-चौदाव्या दिवसाच्या सुमारास आतली खपली सुटून लघवी लाल होते. पाणी वाढवून आराम केला की दोन दिवसांत निवळते. गाठी पडू लागल्या किंवा धार अडली तर मात्र परत जायचं. चार ते सहा आठवडे मोटरसायकल, ट्रॅक्टर, उसाची मोळी, घागर, यातलं काही नाही. संडासला कुंथायचं नाही. बऱ्याच जणांचं, चारापैकी तिघांच्या आसपास, वीर्य यापुढे मागे मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघतं. ताठरता सहसा आधी होती तशीच राहते. हे दोन्ही ऑपरेशनआधी नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगावं. आपल्याकडे हे बोलायला डॉक्टरही कचरतात आणि मग घरात विनाकारण अबोला होतो.

जंतुसंसर्गाने ग्रंथी सुजणं हे वेगळं प्रकरण. थंडी वाजून ताप, गुदद्वार आणि अंडकोशामधल्या जागेत ठणका, लघवीला आग. लघवीचं कल्चर करून दोन ते चार आठवडे प्रतिजैविकं पूर्ण घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी सोडली की दुखणं आत घर करतं. अशा सुजेत ग्रंथी दाबून तपासू नये, जंतू रक्तात जातात. तरुणांमध्ये त्याच जागी महिनोन्महिने दुखत राहतं आणि कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत, तेव्हा प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स देऊन काही साधत नाही. तिथे ओटीपोटाच्या तळाच्या आवळलेल्या स्नायूंचे व्यायाम, शेक आणि मनावरचा ताण यांवर काम करावं लागतं.

राहिला पीएसए. ४ हा आकडा सगळ्यांना पाठ झाला आहे, पण तो रेषा ओढण्यापुरता. ४ ते १० मध्ये असलेल्यांपैकी चारात एकाला कॅन्सर सापडतो, म्हणजे तिघांना नसतो. ग्रंथी मोठी असली की पीएसए आपोआप जास्त येतो: ८० ग्रॅमच्या ग्रंथीत ६ असेल तर भागाकार ०.०७५ येतो, ३० ग्रॅममध्ये तोच ६ म्हणजे ०.२, ०.१५ च्या वर संशय वाढतो. ग्रंथीचं वजन खरोखर उपयोगी पडतं ते इथे. लघवीला जंतुसंसर्ग झाला असेल तर सहा आठवडे थांबून तपासा. लघवी तुंबलेली असताना, नळी घातलेली असताना तपासू नका. आदल्या दोन दिवसांत संभोग आणि लांबची सायकल टाळा. संशय राहिला तर आधी एमआरआय आणि मग तुकडा काढून तपासणी. तुकड्यातल्या पेशी किती बिघडल्यात याचे गुण देतात, त्यांना ग्लीसन बेरीज म्हणतात. ती ६ आली तर बहुतेकांना ऑपरेशनची घाई नसते. दर सहा महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय आणि पुन्हा तुकडा, असं लक्ष ठेवून वर्षानुवर्षं जातात. ७ आणि वर असेल आणि ग्रंथीतच असेल तर बहुधा संपूर्ण ग्रंथी काढणं किंवा रेडिएशन. हाडांत गेला असेल तरी हात टेकायची वेळ नसते. हा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं; वृषणं काढून किंवा इंजेक्शनने ते संप्रेरक बंद करणं आजही पहिली पायरी आहे. पण अशा रुग्णाची पाठ दुखत असताना पाय लुळे पडू लागले तर मज्जारज्जू दाबला जातोय, तासांचा प्रश्न आहे.

वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर पंचेचाळिशीपासून, नाहीतर पन्नाशीनंतर, पीएसए करायचा की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आणि ज्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी "आता प्रोस्टेटच नाही" असं समजू नये. खरवडला जातो तो आतला भाग. बाहेरचा, जिथे कॅन्सर होतो तो, तसाच आत असतो. म्हणून पीएसए पुढेही बघत राहावा लागतो. काढलेले तुकडे प्रयोगशाळेत जातात आणि त्यांचा रिपोर्ट यायला आठवडाभर लागतो. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो, धार सुटलेली असते, सगळे खूश असतात, आणि तो कागद तिथेच पडून राहतो. टाके नसतात म्हणून परत जायचं निमित्तही नसतं. नळी काढायच्या दिवशीच विचारून तारीख लिहून घ्या, घरातल्या कुणाला तरी पाठवा, आणि तो कागद पहिल्या सोनोग्राफीच्या फायलीत लावून ठेवा.